गुहेतला लाल दिवा

हेल्मेटचे दिवे मेंदूशी जोडले गेल्यापासून स्थळं पाहण्याचा कार्यक्रम पाण्याने भरलेल्या गुहेत होऊ लागला होता. पाण्यात बोलता येत नाही. प्रश्न पाटीवर लिहायचा. डोकं फिरवून उजेडाचं वर्तुळ काढलं की ‘हो’, आडवं हलवलं की ‘नाही’. उत्तर खोटं असलं की दिवा आपोआप लाल व्हायचा.

केतकीने लिहिलं, “स्वयंपाक येतो?”

हृषीकेशने ऐटीत वर्तुळ काढलं. दिवा लालभडक!

“आधी गुहेत उतरलायस कधी?”

पुन्हा वर्तुळ, पुन्हा लाल. शेजारचा मासा बिचकून पळाला. असला थापाड्या केतकीने सतरा स्थळांत पाहिला नव्हता.

मग त्याने तिच्याकडून पाटी घेतली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, “फार भीती वाटतेय. हात धरशील?”

पहिल्याच भेटीत? केतकीने डोकं जोरात आडवं हलवलं.

आणि तिचाच दिवा लाल झाला.

वर काठावर दोघांच्या आया गुहेतलं दृश्य दाखवणाऱ्या पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या. केतकीच्या आईने डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा सुस्कारा सोडला.

“विहीणबाई,” ती म्हणाली, “साखरपुडा कधी करायचा?”