ब्लॅक अँड व्हाइटमधलं कुंकू

बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या सगुणाबाई फोटोग्राफर केदारच्या स्टुडिओत आल्या, स्टुलावर बसल्या आणि पिशवीतली डबी काढून त्यांनी कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. फोटो मात्र ब्लॅक अँड व्हाइटच हवा, असं त्यांनी आल्याआल्याच बजावलं होतं.

केदारने फोटो काढून कॉम्प्युटरवर घेतला आणि ब्लॅक अँड व्हाइट करताना सवयीने मूळ फोटोतला लाल रंग उजळ केला. सावळ्या चेहऱ्याला त्याने हमखास तेज येतं. आलंही.

सगुणाबाई स्क्रीनपाशी वाकल्या. "माजा कुकू कुठं गेला रं बाला?"

चेहऱ्याबरोबर कुंकूही उजळून कपाळात विरून गेलं होतं.

"ते गडद केलं तर चेहरा पण काळा पडेल, मावशी."

"मी हायच काली. कुकू दिसला पायजे."

केदारने लाल रंग पुन्हा उतरवला. कुंकू ठळक उमटलं. "एवढं हौसेने लावलंय, तर रंगीतच काढू या ना!"

"नको. नवरा जिता व्हता तवा फोटो काढाचा रायला. काला-पांढरा असला म्हंजे लोकांना तवाचाच वाटंल."

फोटो पिशवीत ठेवून त्यांनी पदराने कपाळ स्वच्छ पुसलं आणि मगच स्टुडिओचं दार उघडलं.