ओला कोपरा

भर दुपारी घर शांत होतं, तेवढ्यात पुस्तकांच्या कपाटाची कडी खुट्ट वाजली. लेक झोपलेली, तेवढीच माझी वाचायची वेळ. कालच विकत आणलेलं कोरं पुस्तक उघडलं, तर पहिल्याच पानाचा कोपरा ओला.

जिभेला बोट लावून पानं उलटायची बाबांची जन्माची सवय. “चाटूनच संपवा पुस्तकं!” आई करवादायची. लेक व्हायच्या आधीच बाबा गेले.

पुढचं पानही ओलं. त्याच्या पुढचंही, आणखी ताजं. मला हसूच फुटलं. “थांबा ना बाबा, आलेच!” मी भराभर वाचत सुटले.

लेक डोळे चोळत दारात आली. “आई, आजोबा म्हणतात, तुला उशीर होतोय. तोवर मी जाऊ त्यांच्याबरोबर?”