तिसरं तान्हं

वेलिंग्टनच्या किनाऱ्यावर तिरेसाचं घरगुती पाळणाघर होतं. दोन वर्षांखालची दोनच बाळं ठेवायची, असा परवान्याचा नियम. सकाळी भाची लानू तिसरं घेऊन आली. “आत्या, घरचं लेकरू कुणी मोजतं का? तपासनीस बाई आल्याच तर सांग, पाहुणा आलाय.” सामोअन घरात रक्ताच्या माणसाला नाही म्हणत नाहीत. दुपारी जमीन हलली आणि थांबेचना. आता समुद्र चढणार, टेकडी गाठायची. तिरेसानं परक्यांची दोन्ही बाळं काखोटीला मारली. दारात पोचली तोच तिसरं रडायला लागलं. पाय पुढे, जीव पाळण्यात. ती परतली. कमरेला गुंडाळलेलं कापड, लावालावा, सोडून त्याला पाठीशी बांधलं, परकरावरच टेकडी चढली. लाट आली नाही. संध्याकाळी लानू म्हणाली, “उद्याही आणते हं.” तिरेसानं बाळ तिच्या कडेवर दिलं. “नको गं. तुझ्या बाळाला पाळण्यात सोडून मी दारापर्यंत गेले होते.”