सहावा बोल्ट

मिल बंद पडल्यावर फिटर देवदत्त मुळ्येने एक जुनी मोटार घेतली आणि तो ती टॅक्सी म्हणून चालवू लागला. तिचा क्लच गेला, तेव्हा सुदामा नगरातल्या घराच्या अंगणातच त्याने गिअरबॉक्स उतरवला. भरदुपारी गाडीखाली पडून तो क्लचचे सहा बोल्ट काढत होता.

पाच निघाले. सहाव्याचं डोकं पाना घसरून घसरून पार गोल झालं होतं. त्याने रॉकेल सोडलं, छिन्नी लावून ठोकलं. बोल्ट जरासा फिरला आणि त्याच्या मुळाशी काहीतरी चिकट, कोमट पाझरून देवदत्तच्या ओठांवर पडलं.

ते तेल नव्हतं. तो थुंकत राहिला.

बाहेर उभ्या बायकोने, शारदेने, नाकाला पदर लावला. "अहो, कसली बदबू ही? पारोशा तोंडासारखी येतेय. रहने दो आता."

"एकच राहिलाय. उद्या गाडी निकालनीच है," तो म्हणाला आणि पुन्हा ठोकू लागला.

बोल्ट निघाला. त्याला लाळेच्या तारा लोंबत होत्या. चिंधीने पुसला, तरी तो पुन्हा ओला झाला. देवदत्तने शिसारी येऊन तो लांब भिरकावला. मग भोकातले आटे शाबूत आहेत का, हे चाचपायला त्याने करंगळीचं टोक आत घातलं.

आटे लागलेच नाहीत. आत मऊ होतं, गरम होतं. त्याने हात मागे ओढला, पण करंगळी सुटेना.

"काय झालं हो?" शारदेने वाकून विचारलं.

देवदत्तने दुसऱ्या हाताने मनगट धरून ओढलं. आतून कोणीतरी त्याचं बोट सावकाश चोखायला लागलं होतं.