शब्द न् शब्द

"ते सांगतील तेवढंच लिहायचं. पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही," बाईंनी बजावलं. "पेपर संपला की या कागदावर सही. उमेदवाराने सांगितलेला शब्द न् शब्द मी लिहिला आहे, अशी."

बारक्याने मान हलवली. चाळिशी उलटली तरी सगळे त्याला बारक्याच म्हणत. दहावीच्या उमेदवाराला लेखनिक खालच्या वर्गातलाच लागतो, आणि बारक्या नववीत होता. मोठ्या माणसांच्या या शाळेत त्याचं कुणाला हसू येत नसे.

उमेदवार म्हणजे दादा. पत्र्याची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसमध्ये त्याचे दोन्ही हात मनगटापासून गेले होते. शर्टाच्या बाह्या दुमडून टाचण्या लावलेल्या. त्याही रोज बारक्याच लावायचा. कारखान्यापासूनची जोडी. दादाला सायकलवर डबलसीट आणायचं, पाण्याची बाटली तोंडाला लावायची, सर्दी झाली तर नाकाला रुमाल धरायचा. सख्खा भाऊ करणार नाही एवढं हा करतो, असं बाई वर्गात सांगत.

दवाखान्याच्या चौकशी खिडकीवर बोलणारा माणूस हवा होता. दादाचा आवाज खणखणीत. अट एकच, दहावी पास. भाषेचा पेपर तेवढा दोनदा अडकला होता. दोन्ही वेळा शाळेने दिलेल्या लेखनिकाला दादाने निबंध सांगितलाच नाही. "सुचलं नाही," एवढंच म्हणाला. जागा पुढच्या महिन्यात भरणार होती, म्हणजे हा शेवटचा मोका. या खेपेला त्याने लेखनिक स्वतः मागून घेतला. त्याच्यासाठी परवानगी आणताना बाईंच्या नाकी नऊ आले होते.

दीड तास सुरळीत गेला. व्याकरण, उतारा, पत्र. बारक्याचं अक्षर डावीकडे कललेलं. शंभर वह्यांतून बाईंनी ते ओळखलं असतं.

मग निबंध आला. बाईंनी विषय वाचून दाखवले. एका झाडाचं आत्मवृत्त, किंवा न विसरता येणारा दिवस.

"दिवस," दादा म्हणाला.

बारक्याचं पेन थांबलं. "दादा, झाडाचा निबंध पाठ आहे ना तुला? महिनाभर घोकून घेतलाय मी."

"लेखनिकाने बोलायचं नाही," बाई म्हणाल्या.

"लिही," दादा म्हणाला. "त्या दिवशी साचा अडकला होता. मी दोन्ही हात आत घालून पत्रा सोडवत होतो. आमचा प्रेस पायाच्या पेडलवर चालायचा. तो खाली आला."

बाईंना गलबलून आलं. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

"चौकशीत ठरलं, पेडलवर माझाच पाय पडला. साक्षीदार एकच होता, त्याने तसं सांगितलं. मग साहेब म्हणाले, कागदावर अंगठा उठव. मी म्हटलं, कुठला?"

बारक्याच्या कपाळावर घाम आला होता. जिवाभावाच्या माणसाचं दुःख आपल्या हातानं लिहायचं म्हणजे सोपं नाही, बाईंना वाटलं. त्यांनी पंखा त्याच्याकडे वळवला.

"ओरडायच्या आधी मी खाली पाहिलं होतं," दादा सांगत राहिला. "माझे दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीवर होते. पेडलवर दुसराच बूट होता. हे मी कुणाला सांगितलं नाही. हात नसलेल्या माणसाचं कोण ऐकतं? त्या बुटाचा मालक दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरी यायला लागला. मी त्याला कधी एका शब्दाने विचारलं नाही."

पेन पुन्हा थांबलं.

"लिहा हो, दहाच मिनिटं राहिलीत," बाई म्हणाल्या. "निबंध राहिला तर यांची नोकरी जाईल."

बारक्याने मान वर केली नाही. पेन चालू लागलं, अगदी सावकाश.

दादाने पुढे वाकून कागद पाहिला. ओळ पूर्ण होईपर्यंत तो थांबला.

"शाळेत मी खिडकीवरच्या नोकरीसाठी नाव घातलं नाही. मला एकच वाक्य लिहून हवं होतं, आणि बाईंच्या देखत हवं होतं. लिही. हे अक्षर ज्याचं आहे, पेडलवर पाय त्याचाच होता."