चिमूटभर चुना

आम्लाचा पाऊस सुरू होऊन सतरा वर्षं झाली होती. वस्तीत उरलेल्या शेवटच्या बियांतून हौसाबाईंनी काचघरात फ्लॉवर वाढवला होता. आंबट मातीला चुनाही मोजूनच दिला होता. आज सगळ्यांसमोर कापलेल्या पहिल्याच गड्ड्याचा दांडा पोकळ, काळा निघाला. बाकीचेही तसेच. बी धरेल असं एकही रोप नव्हतं.

"चुना जास्त झालाय, म्हणून रोपांना लागणारं बोरॉन मातीतच अडकून बसलं," त्या कडाडल्या. "कुणी घातला, मेल्यांनो?"

म्हादूमामांनी तंबाखूच्या चुन्याची रिकामी डबी पुढं केली. "चिमूटभरच, बाई. राहवलं नाही."

मग एकेकानं आपापली रिकामी डबी काढली. हौसाबाईंनी कमरेची चंची हळूच पदराखाली सारली. तिच्यातलीही डबी रिकामीच होती.