बेटावरचा आठवडा

चित्रातलं पाणी फारच निळं होतं. मधोमध हिरवं बेट, त्यावर लाल छपरांची चार घरं, काठाला बांधलेली एक होडी. जागेश्वरने चित्र मांडीवर सरळ केलं. तेजरामजींच्या बैठकीत उजेड कमी होता. बाहेर शहापूरच्या रस्त्यावरून ट्रक गेला की भिंतीवरच्या तसबिरी थरथरत.

"दरसाल एक आठवडा," तेजरामजी म्हणाले. "दिवाळीनंतरचा. तेवढे दिवस थे घर तुमचं. तुमच्या मागं पोरायचं. माह्या नावानं हाय, तुमच्या नावानं करून देतो. बस्स."

दुसऱ्याने आधीच घेऊन ठेवलेला आठवडा त्याच्याकडून विकत घ्यायचा, हा प्रकार जागेश्वरला नवा होता. साल सत्त्याऐंशी. तो भंडाऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचा आणि समुद्र त्याने फक्त नकाशात रंगवला होता. 'बेटावरचा आठवडा विकणे आहे' ही जाहिरात त्याने वर्तमानपत्रात पाहिली आणि त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोने, रुखमाने, माळ्यावरची पेटी उतरवून पुसायला घेतली.

अवघड होती ती आई. गोदावरीबाई नदीकाठच्या गावात, तळ्याच्या पाळीला लागून असलेल्या शेवटच्या घरात एकटी राहायची. नवरा गेल्यापासून तिने एक रात्रही घराबाहेर काढली नव्हती. मुलाकडे आली तरी संध्याकाळच्या एसटीने परत. तिला बेटावर नेणं ही जागेश्वरची खरी हौस होती. त्याने तिच्यापुढे ॲटलास उघडला, तेव्हा तिने निळ्या भागावर बोट ठेवलं.

"एवढं पानी? बेटावर चढत नाई?"

"चढलं तर थे बेट कायचं, माय?"

तिने बोट उचललं. मग म्हणाली, "येईन बापा. पन तिथून आपलं गाव दिसन का?"

तो पोट धरून हसला होता. तिने मात्र प्रवास नीट व्हावा म्हणून नव्या देवाला नारळ फोडला.

नवा देव म्हणजे एक दगड. दोन वर्षांपूर्वी काही माणसं गावाबाहेर तंबू ठोकून राहिली. दुर्बिणी लावून काय काय मोजत फिरली. जाताना माथ्यावर दोन फांद्यांचा मोह असलेल्या टेकडीवर, गावच्या कौलांहून बऱ्याच वर, त्यांनी हा दगड उभा पुरला आणि त्याला चुना फासला. खाली कुठेतरी धरण होणार असं लोक म्हणत. पण ते खाली, लांब. पाणी काय उलटं चढतं? बायकांनी आधी दगडावर पाणी घातलं, मग शेंदूर चढवला. पुढच्या पोळ्यापर्यंत त्याला नवस बोलले जाऊ लागले. जागेश्वर त्या दगडालाही हसला होता. तो कोणी आणि कशासाठी पुरला, हे मात्र त्यानेही विचारलं नव्हतं.

"जहाज कुठून धरायचं?" त्याने आता विचारलं. "मद्रासहून की कलकत्त्याहून?"

"कायचं मद्रास, मास्तर!" तेजरामजी मोठ्याने हसले. "जहाजाचं कामच नाई. सकाळी भंडाऱ्याले एसटीत बसाचं, जेवाले तिथं."

"एसटीने? बेटावर?"

शकुनबाई, तेजरामजींची बायको, चहा घेऊन आली. तिने कप ठेवले. जागेश्वरच्या हातातलं चित्र घेतलं, न पाहता टेबलावर पालथं घातलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

तेजरामजींनी आवाज उतरवला. "बेट तयार हाय. पानी तेवढं येवाचं हाय."

जागेश्वरने कप बाजूला सरकवला. "मग तुम्ही का विकता?"

उत्तर दारातून आलं. "माह्या माहेरच्या डोस्क्यावरून होडी फिरवाले मी जात नाई म्हटलं मी याह्यले. मास्तर, तुमचं कोनी नसन तिकडं, तर खुशाल जा."

ती आत गेली. भांडी वाजली.

"मनावर घेऊ नका," तेजरामजी म्हणाले. "सगळ्यायले नवी वस्ती देऊन राहिले ना. एकांदं गाव इकडचं तिकडं होते, त्यात काय?"

जागेश्वरने चित्र उलटलं आणि खिडकीशी नेलं. ते चित्र नव्हतंच. रंगीत फोटो होता, वरून हाताने रंगवलेला. लाल छपरं नंतरची. होडी नंतरची. माथ्यावरचा दोन फांद्यांचा मोह मात्र फोटोतलाच. आणि पाण्याच्या ऐन काठावर एक केशरी ठिपका होता. तोही रंगाऱ्याने काढला नव्हता. निळा रंग खालून चढत त्याच्यापर्यंत आला होता आणि तिथेच, एका सरळ रेषेत, थांबला होता.

"मंग, मास्तर? घेता का?" मागून तेजरामजींनी विचारलं.

जागेश्वरने फोटो उजेडाला तिरपा धरला. निळा रंग पातळ होता. त्याखालून हळूहळू तळ्याची पाळ वर आली. देवळाचा कळस आला. मग कौलं. पाळीला लागून शेवटचं घर आणि त्याच्या अंगणात वाळत घातलेलं आईचं लुगडं.

बेटावरून आपलं गाव दिसणार होतं.